विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची रात्र : पंचवीस माणसांचे खाणे आणि स्वयंपाकघरात कोणीही नाही

पेठेतली सून

नमस्कार. २०२६ चा फुटबॉल विश्वचषक ११ जूनला सुरू होत आहे आणि त्याचा अंतिम सामना १९ जुलैला अमेरिकेत न्यू जर्सी येथे दुपारी तीन वाजता आहे. आपल्या घड्याळाप्रमाणे तो रविवारची रात्र उलटल्यावर साडेबाराला सुरू होईल. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. घरातल्या तीन पिढ्या तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलेल्या आहेत, त्यामुळे असा सामना एकट्याने पाहण्याची आमच्याकडे पद्धत नाही. नातेवाईक, शेजारी आणि दिरांचे मित्र धरून पंचवीस माणसे हमखास जमतात. पडदा आणि प्रोजेक्टर यांची व्यवस्था दीर करतात. खाण्याची बाजू माझ्याकडे असते आणि त्याविषयीच विचारायचे आहे.

मागच्या वेळी काय झाले ते आधी सांगते. २०२२ चा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेआठला होता. पाहुण्यांना गरम खायला मिळावे म्हणून मी कांदाभजी आणि बटाटेवडे सामना चालू असतानाच तळायचे ठरवले. अर्जेंटिनाचा संघ दोन गोलांनी पुढे होता, फ्रान्सचे काहीच चालत नव्हते, तेव्हा आता काय व्हायचे आहे अशा समजुतीने मी शेवटचा घाणा टाकायला आत गेले. फ्रान्सच्या एमबापेने ऐंशीव्या मिनिटाला पेनल्टीवर एक आणि त्यानंतर सत्त्याण्णव सेकंदांत दुसरा गोल केला. आरडाओरडा ऐकून मी झारा हातात घेऊन बाहेर धावले तेव्हा फलक २-२ दाखवत होता, आणि मी परत आत गेले तेव्हा कढईतली भजी काळी झाली होती. हे दोन्ही गोल मी नंतर अनेकदा पाहिले आहेत, पण ते पाहणे निराळे.

यंदा माझी अट एकच आहे. साडेबाराला शिट्टी वाजल्यानंतर घरातले कोणीही, आणि विशेषतः मी, स्वयंपाकघरात असता कामा नये. पाहुण्यांपैकी सोळा जण मांसाहारी, सात शाकाहारी आहेत आणि शेजारचे एक जैन जोडपे आहे. सासूबाई सोमवारी मांसाहाराला शिवत नाहीत, आणि मध्यरात्रीनंतर सोमवार लागतो की नाही यावरून घरात आत्तापासूनच दोन पक्ष पडले आहेत. शिवाय जुलै महिना आहे, म्हणजे पाऊस आणि वीज यांचा भरवसा नाही. जाणकारांनी कृती आणि प्रमाण यांसह सुचवावे.

जुना गोलकीपर

ताई, पदार्थ ठरवण्याआधी घड्याळ मांडून घ्या. पहिला अर्ध संपून मध्यंतर होईल ते सव्वा ते दीडच्या दरम्यान. निकाल नव्वद मिनिटांत लागला तर अडीचच्या सुमारास मोकळे व्हाल. जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउट झाले तर सव्वातीन-साडेतीन धरा. या स्पर्धेत प्रत्येक अर्धात बाविसाव्या मिनिटाच्या सुमारास खेळाडूंना पाणी पिण्यासाठी तीन मिनिटांची विश्रांती ठेवलेली आहे. पाण्याची बाटली फिरवायला किंवा रिकाम्या वाट्या उचलायला हा वेळ पुरतो, वाढायला पुरत नाही. म्हणजे वाढण्यासाठी हातात खरा वेळ फक्त मध्यंतराचा.

यावरून माझे मत असे आहे की जेवण नऊ वाजताच उरकावे आणि तेही पोटाला तड लागेल असे नसावे. आमच्या घरी एका उपांत्य सामन्याच्या रात्री साडेअकराला तांबडा रस्सा आणि भाकरी असे जेवण झाले, आणि सामना सुरू झाल्यावर विसाव्या मिनिटाला अर्धे प्रेक्षक भिंतीला टेकून घोरत होते.

सामना चालू असताना हाताला सतत काहीतरी लागते, त्यासाठी भडंगासारखे दुसरे काही नाही. ते शनिवारीच करून डब्यात भरता येते, एका हाताने खाता येते आणि खाताना नजर पडद्यावरून हलवावी लागत नाही. पंचवीस माणसांना एक किलो भडंगाचे चुरमुरे पुरतात. पावसाळ्यात चुरमुरे सादळलेलेच मिळतात, म्हणून आधी ते मोठ्या कढईत मंद आचेवर थोडे थोडे परतून कुरकुरीत करून घ्यावेत; हे काम कंटाळवाणे असले तरी चुकवू नये. मग दोनशे मिलिलिटर तेलात पाव किलो शेंगदाणे तळून बाजूला काढावेत, त्याच तेलात दोन गड्डे लसूण सालीसकट ठेचून टाकावा आणि तो तांबूस व कडक होईपर्यंत थांबावे, कारण लसणात ओलावा राहिला तर दुसऱ्या दिवशी सगळे भडंग मऊ पडते. कढीपत्त्याचेही तसेच. आता गॅस बंद करावा. हळद आणि तीन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला त्यानंतरच घालावा, नाहीतर मसाला करपून कडवट होतो. चुरमुरे आणि तळलेले दाणे घालून हलक्या हाताने खालीवर करावे आणि गार झाल्यावर मीठ, दोन चमचे पिठीसाखर आणि दोन चमचे मेतकूट मिसळावे. चिरलेला कांदा-कोथिंबीर वेगळ्या वाडग्यात ठेवावी, ज्याला हवी तो घेईल.

मध्यंतराला मात्र मिसळ ठेवा. कट आधी तयार असतो, फरसाण विकतचे आणि पाव आणलेला. कोल्हापुरात पंचवीस माणसे जमवून मिसळ नाही, हे शोभत नाही.

तिखटमीठ

गोलकीपर काकांच्या भडंगाला माझे अनुमोदन आहे, मिसळीला नाही. मिसळीची ताटली मांडीवर, पाव एका हातात, चमचा दुसऱ्या हातात, वर कटाची वाटी कुठे ठेवावी हा प्रश्न, आणि खोलीत दिवे मालवलेले. अशा स्थितीत गोल झाला आणि माणसे उठून उभी राहिली तर सतरंजीचे काय होईल याची कल्पना करावी. पंधरा-वीस मिनिटांत पंचवीस ताटल्या मांडून, खाऊन आणि उचलून होत नाहीत. ज्या घरातली बाई दरवेळी हे सगळे करते तिलाच विचारून पाहा.

मध्यंतरासाठी मी पांढरा रस्सा सुचवते. तो ताटात वाढायचा नाही, चहासारखा पेल्यातून प्यायचा. हॉटेलांत ताट येण्याआधी आपण तो तसाही पितोच. पावसाळी रात्री दीड वाजता गरम, सौम्य आणि मिरीचा झणका असलेले काही पोटात गेले की झोपही उडते आणि पोटही जड होत नाही.

सोळा जणांना प्रत्येकी दोन पेले, पेल्यात साधारण शंभर मिलिलिटर, म्हणजे सव्वातीन लिटर रस्सा हवा. दोन किलो मटण, हाडांसह, आले-लसणाची गोळी आणि मीठ लावून चार लिटर पाण्यात शिजवावे. हळद अजिबात घालू नये. शिजलेले मटण काढून त्याचे नऊच्या जेवणासाठी सुके करावे आणि मटण शिजलेले उरलेले पाणी (मीठ असले तरी त्याला अळणी पाणीच म्हणतात) गाळून घ्यावे. पन्नास ग्रॅम काजू, दोन चमचे खसखस आणि दोन चमचे पांढरे तीळ तासभर भिजवून अगदी गंधासारखे वाटावेत. दोन मोठ्या नारळांचे घट्ट दूध काढून ठेवावे. पातेल्यात तूप तापवून लवंग, दालचिनी, हिरवी वेलची, मिरी आणि तमालपत्र परतावे, चार-पाच हिरव्या मिरच्या उभ्या चिरून टाकाव्यात, मग वाटण घालावे आणि त्याचा रंग बदलू न देता मंद आचेवर दोन मिनिटे परतावे. त्यात अळणी पाणी घालून चांगली उकळी आणावी. नारळाचे दूध सर्वांत शेवटी, आच अगदी कमी करून आणि सतत ढवळत घालावे. त्यानंतर रस्सा उकळला की तो फुटला म्हणून समजावे.

तुमच्या अटीला खरा धोका इथे आहे. रस्सा मध्यंतरात पुन्हा गरम करायला ठेवला तर कोणीतरी पातेल्यापाशी उभे राहणारच, आणि घाईघाईत आच वाढवून तो फोडणार. म्हणून तो सव्वाबाराला गरम करून झाकणाच्या मोठ्या थर्मासमध्ये भरावा. लग्नकार्यात चहासाठी तोटीचा थर्मास भाड्याने मिळतो, तसा आणला तर माणसे आपापला पेला भरून घेतील. फक्त मसाल्यातले अख्खे तुकडे गाळून घ्यावेत, नाहीतर लवंग तोटीत अडकते. अनुभवाने सांगते.

शाकाहारी मंडळींसाठी हाच रस्सा दुधी, फ्लॉवरचे देठ, कांदा आणि आले उकळून गाळलेल्या पाण्यात करावा. पातेले, डाव आणि थर्मास वेगळे ठेवावेत आणि हा रस्सा आधी करावा. वाटण आणि नारळाचे दूध या दोन्ही कामांना मिक्सर लागतो, तेव्हा ती दुपारीच आटपून दूध फ्रीजमध्ये ठेवावे. संध्याकाळी वीज गेली तरी गॅस आहे.

पेठेतली सून

तिखटमीठ ताई, पेल्यातून रस्सा ही कल्पना घरात सांगितल्याबरोबर मंजूर झाली. एक शंका आहे. पेले कोणते घ्यावेत? स्टीलचा पेला हाताला चटका देतो, आणि साधे कागदी पेले तुपाच्या रश्शाने खाली मऊ पडतात.

तिखटमीठ

जाड, दुहेरी कागदाचे पेले मिळतात ते घ्यावेत. तेही नको असतील तर घरातले कान असलेले चहाचे कप काढावेत आणि पाऊणच भरावेत. मग मात्र धुण्याचे काम कोणाचे, हे रविवारी सकाळीच ठरवून घ्यावे.

एडिसनकर

मी गेली बरीच वर्षे न्यू जर्सीतील एडिसन येथे राहते. ज्या मैदानावर हा अंतिम सामना आहे ते ईस्ट रदरफर्डचे मैदान आमच्यापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. तिकिटाच्या किमती पाहिल्यावर आम्हीही सामना घरीच पाहायचा ठरवला आहे. आमच्याकडे तो भर दुपारी आणि जुलैच्या उन्हात असेल, त्यामुळे तुमचा रस्सा आमच्या कामाचा नाही. पण इथल्या एका सवयीतून तुम्हाला उपयोगी पडेल असे काही सांगता येईल.

अमेरिकेत फेब्रुवारीत सुपर बोल असतो. तो खेळ वेगळा, चेंडूही अंडाकृती, पण घरोघरी माणसे जमून सामना पाहतात आणि त्या दिवशीचे खाणे हा सामन्याइतकाच महत्त्वाचा विषय असतो. कोंबडीच्या पंखांचे तुकडे, मक्याच्या चिप्स आणि त्या बुडवून खायला घट्ट चटण्या, राजमा-खिम्याची चिली असे पदार्थ असतात. यजमानीण कोणालाही वाढत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मला हे अगत्यशून्य वाटले होते; नंतर लक्षात आले की ती स्वतः पूर्ण सामना बसून पाहते. खाण्याचे टेबल बैठकीच्या मागे, भिंतीलगत असते, त्यामुळे घ्यायला उठलेला माणूस पडद्यासमोरून जात नाही. तुमच्या दिवाणखान्यात एवढा एक बदल केला तरी निम्मी भांडणे मिटतील. शिवाय प्रत्येक घर एकेक पदार्थ घेऊन येते. आपल्या अंगतपंगतीचाच हा प्रकार आहे, तेव्हा दिरांच्या मित्रांना रिकाम्या हाताने येऊ देऊ नये.

एक नियम मात्र इथे सगळे पाळतात आणि तुम्हीही पाळावा. शिजवलेले मांस, दूध किंवा नारळाच्या दुधाचे पदार्थ साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त उघडे ठेवू नयेत; हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे नऊच्या जेवणातले उरलेले सुके मटण टेबलावर पहाटेपर्यंत ठेवणे योग्य नाही, ते फ्रीजमध्ये गेले पाहिजे. रस्सा थर्मासमध्ये चांगला कढत राहत असेल तर हरकत नाही.

आता कृती. इथे लहान पावांची जोडलेली लादी आडवी कापून त्यात सारण भरतात आणि ती सगळी एकदम भाजतात. मला ते पाहून आपला लादीपाव आठवला आणि तेव्हापासून मी त्यात खिमा भरते. चोवीस पावांना एक किलो खिमा लागतो. तो नेहमीसारखाच कांदा, आले-लसूण, हिरवी मिरची आणि गरम मसाला घालून करावा, पण टोमॅटो कमी घालावा आणि पाणी पूर्ण आटवावे. खिमा ओला राहिला तर पाव लगदा होतो. लादी न सोडवता लांब सुरीने आडवी कापावी, खालच्या थरावर लोणी आणि हिरवी चटणी लावावी, खिमा पसरावा, वरचा थर ठेवून त्यावर लोण्याचा हात फिरवावा आणि झाकून १८० अंशांवर पंधरा मिनिटे भाजावे. ओव्हन नसेल तर मोठ्या तव्यावर, वर जड झाकण ठेवून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेकावे. वाढण्याच्या वेळी पाव आपोआप सुटे होतात. शाकाहारी लादीसाठी पनीर कुस्करून त्याच मसाल्यात परतावे. बारा वाजता भाजून जाड फडक्यात गुंडाळून ठेवले तर मध्यंतरापर्यंत कोमट राहतात आणि तेवढे पुरते. एकदम गरमच हवे हा आपला हट्टच माणसाला स्वयंपाकघरात अडकवतो.

नित्यनेम

सोमवारच्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्रीला नाही. त्यामुळे साडेबारा काय किंवा साडेतीन काय, सूर्य उगवेपर्यंत तो रविवारच आहे. महिनाही अडचणीचा नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढ उशिरा लागतो आहे, आषाढी एकादशी २५ जुलैला आहे, म्हणजे हा सामना चातुर्मास लागण्याच्या आधीच होतो. आखाडाची एक पंगत यात उरकून जाईल.

हे झाले शास्त्र. पण जी व्यक्ती वर्षानुवर्षे सोमवार पाळते, ती बारा वाजले की मनाने सोमवारातच जाते, आणि तिच्यासमोर पंचांग उघडून वाद जिंकण्यात काही अर्थ नाही. सासूबाईंना शाकाहारी रश्शाचा थर्मास आणि पनीरची लादी आहेच. त्यांनी विचारले तरच सूर्योदयाचा मुद्दा सांगावा.

जैन शेजाऱ्यांविषयी थोडे अधिक जपून सांगतो. आपण लगेच 'कांदा-लसूण-बटाटा वगळून काय करू' या विचाराला लागतो, पण अनेक जैन कुटुंबांत सूर्यास्तानंतर काहीच खात नाहीत, आणि काही जण पाणीही घेत नाहीत. अशा घरातल्या माणसांसमोर रात्री दीड वाजता आपण कितीही काळजीने केलेला पदार्थ ठेवला तरी त्यांना अवघडल्यासारखेच होते. त्यामुळे आधी विचारून घ्यावे. ते रात्री खात नसतील तर त्यांना संध्याकाळी सहालाच बोलवावे आणि सातच्या आत नीट जेवू घालावे. मुगाच्या डाळीची खिचडी, कढी, काकडीची कोशिंबीर, कच्च्या केळ्याची भाजी, असे साधेच चांगले. कढीत आले आणि खिचडीत बटाटा जाऊ देऊ नये. सामन्याच्या वेळी त्यांना काही घेण्याचा आग्रह कोणी करू नये, हे बाकीच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे. कोल्हापुरी आग्रह कोणत्या थराला जातो हे मी वेगळे सांगायला नको.

जुना गोलकीपर

मिसळीचा ठराव मी मागे घेतो, पण पूर्णपणे नाही. सामना संपल्यावर, म्हणजे तीनच्या पुढे, ती ठेवता येईल की नाही? त्या वेळी दिवे लागलेले असतील, पडदा बंद असेल, आणि हरलेल्या पक्षाच्या माणसांना काहीतरी झणझणीत लागेलच.

तिखटमीठ

त्याला माझी हरकत नाही. मात्र कट गरम करणे, पाव मोडणे आणि ताटल्या भरणे हे सर्व गोलकीपर मंडळींनी करावे.

पेठेतली सून

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री घरात बैठक झाली आणि पुढीलप्रमाणे ठरले. भडंग शनिवारी सासरे करतील. लसूण कडक होईपर्यंत थांबण्याचा धीर घरात फक्त त्यांच्याकडे आहे. जैन शेजाऱ्यांना विचारले, ते खरोखरच रात्री काही घेत नाहीत आणि 'विचारलेत हे बरे केलेत' असे म्हणाले. ते साडेसहाला जेवायला येतील आणि सामन्याला परत येतील. नऊला बाकीच्यांचे सुके मटण, भाकरी, भात आणि शाकाहारींना वांग्याची भाजी. तांबडा रस्सा या वेळी रद्द केला आहे, त्यावर दिरांनी नाराजी नोंदवली. खिम्याच्या आणि पनीरच्या लाद्या जाऊबाई बारा वाजता शेकतील, रश्शाचे दोन्ही थर्मास सव्वाबाराला बैठकीच्या मागच्या टेबलावर जातील आणि साडेबाराला स्वयंपाकघराचा दिवा बंद होईल. पावसाने वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त प्रोजेक्टर आणि इंटरनेटचे यंत्र चालेल, पंखे नाहीत.

मिसळ गोलकीपर काकांच्या म्हणण्याप्रमाणे शेवटी ठेवली आहे. कट दुपारीच करून गार झाल्यावर फ्रीजमध्ये जाईल आणि तो गरम करण्याचे काम दिरांच्या चार मित्रांवर सोपवले आहे, कारण त्यांनी रिकाम्या हाताने येण्याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त केली होती. सासूबाई म्हणाल्या की मिसळ शाकाहारी असते, तेव्हा तीन वाजता त्याही घेतील, मग वार कोणताही असो. एवढे जागरण झाल्यावर झोपायचे की पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध प्यायचे, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. मिसळीवर लगेच दूध घेऊ नये असे माझे मत आहे, पण ते कोणी ऐकेल असे वाटत नाही.

एक विचारायचे राहिले. चहाचा थर्मास आणि रश्शाचा थर्मास भाड्याने एकाच दुकानातून आणला तर दोन्ही अगदी सारखे दिसतात. कोणता कोणता हे अंधारात ओळखू यावे यासाठी काय करता?

तिखटमीठ

रश्शाच्या थर्मासच्या मुठीला तांबडा रुमाल बांधावा, शाकाहारीच्या मुठीला हिरवा, चहाच्या थर्मासला काहीच नको. आणि चहा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. आमच्याकडे एकाने रश्शात बिस्किट बुडवले होते.